मापाचा छाप

दोरीवरचं दुपटं दोन बोटांच्या चिमटीत धरून अ‍ॅलस्टर ग्रीव्हने बाजूला सारलं, मेलेल्या उंदराला शेपटीने उचलावं तसं, आणि मान वाकवून तो आत आला.

"म्हणजे इथे," तो म्हणाला.

"इथेच," टॅम्सिन म्हणाली.

खोली कपडे धुण्याची होती आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नव्हता. एका भिंतीला धुण्याचं मशीन आणि ड्रायर, समोर सिमेंटचं जुनं टाकं, आणि मधोमध, तिन्हीकडून कोंडल्यासारखी, चित्रं छापायची प्रेस. मशीनचं दार उघडं राहिलं तर प्रेसचं चाक अर्ध्यावरच अडकायचं. छापायचे ताव भिजत पडले होते ते ओर्लाच्या आंघोळीच्या टबात. दारात लाकडी फाटक होतं आणि फाटकापलीकडे चौदा महिन्यांची ओर्ला एक प्लास्टिकचा डबा जमिनीवर आपटत बसली होती.

"तू कपडे धुतेस का चित्रं छापतेस?"

"दोन्ही. फक्त एका वेळी नाही. मशीन पिळायला लागलं की प्रेस थरथरते."

तो हसला नाही. त्याच्या मागून त्याची बायको मर्ल आत आली. जाड कोट, डाव्या मनगटाला कातडी पट्टा. तिने खुर्चीवरचा धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलला, कुणाला न विचारता तिथे बसली, ढीग मांडीवर घेतला आणि एका हाताने घड्या घालायला लागली. टॅम्सिनला कसंसंच झालं. आपल्या घरातल्या कपड्यांच्या कुणी येऊन घड्या घातल्या की तिला वाटे, आपल्याला नापास केलंय.

अ‍ॅलस्टरने फडक्यातून तांब्याचा पत्रा काढला. त्यावर त्याने कोरलेलं ह्युऑन नदीचं मुख, पुढे आलेलं डोंगराचं टोक, एक बोट. मग पातळ कागदातून एक छाप काढला आणि दोन्ही हातांनी, देवघरातली मूर्ती ठेवावी तसा, ड्रायरवर ठेवला. या पत्र्याचा हा मापाचा छाप. कोपऱ्यात पेन्सिलीने त्याने लिहिलं होतं: 'असाच हवा.' छापणाऱ्याने बाकीचे सगळे छाप याच्याशी ताडून काढायचे, केसभर फरक चालत नाही. तीस छापांची मालिका जाहीर झाली होती, त्यातले सहा निघाले होते. उरलेले चोवीस सिडनीच्या गॅलरीला हवे होते.

टॅम्सिनने वाकून पाहिलं आणि नाइलाजाने आणखी वाकली. तो उजेड! ढगामागून नाही, पाण्यातूनही नाही, कागदाच्याच आतून आल्यासारखा. याच उजेडासाठी ग्रीव्हचं नाव होतं. याच उजेडासाठी त्याच्या सफरचंदांच्या जुन्या शेडवर एका मासिकाने आठ पानं खर्ची घातली होती. दक्षिणेकडची उंच खिडकी, तिच्यातून दिवसभर येणारा शांत प्रकाश, खाऱ्या वाऱ्याने काळी पडलेली तुळई. कॉलेजात तो शिकवायला यायचा तेव्हा सांगायचा, "माझा समुद्र मी नाही केला, त्या खिडकीने केला. जागाच काम करत असते, मुलांनो. आधी जागा मिळवा." आणि टॅम्सिनसारखी भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं मान डोलवायची. तेव्हाही तिच्या लक्षात आलं होतं, या माणसाच्या नखांत शाईचा कण कधी दिसत नाही.

"हे सहा कुणी छापले?" तिने विचारलं.

"आमच्या शेडमध्ये छापले."

"कुणी?"

"शेडमध्येच," तो म्हणाला, बहिऱ्याला सांगावं तसं. "मर्ल मदत करायची. आता तिला कंटाळा येतो."

मर्लने एका छोट्या मोज्याचा जोडीदार शोधला आणि दोन्ही एकात एक गुंडाळले.

"मी छापते," टॅम्सिन म्हणाली. "पण प्रत्येक तावावर माझा शिक्का मारीन."

छापणाऱ्याचा शिक्का म्हणजे फार काही नसतं. बिनशाईचा, नखाएवढा, कागदाच्या खालच्या कोपऱ्यात नुसता दाबून उठवलेला. हाताला लागतो, डोळ्याला क्वचित दिसतो. टॅम्सिनचा शिक्का म्हणजे एक कंगवा होता, कॉलेज सुटताना हौसेने करून घेतलेला. ओर्ला पोटात असल्यापासून तो खोबणीतून बाहेर आला नव्हता. दोन वर्षांत तिच्या हातून जगात गेलेल्या कुठल्याच वस्तूवर तिची खूण नव्हती. एक मुलगी सोडली तर, आणि तिचंही नाक बापावर, कीरनवर गेलं होतं.

"पहिल्या सहांवर कुणाचा शिक्का नाही," अ‍ॅलस्टर म्हणाला.

"म्हणून तर."

"धोब्याची खूण घालायचीय माझ्या कागदावर?" त्याने पुन्हा ते दुपटं बाजूला सारलं. "आधी तो उजेड आणून दाखव. मग बघू."

*

उजेड येईना.

ओर्ला दुपारी दीड तास झोपायची, तेवढा टॅम्सिनचा कामाचा दिवस. त्यातली पहिली पाच मिनिटं दारात उभं राहून पोरीची छाती वरखाली होतेय ना ते बघण्यात जायची. मग कोपरापर्यंत हात धुणं. आम्लाच्या बाटल्या तिने पोटुशी असतानाच घराबाहेर काढल्या होत्या, टर्पेंटाइनही. आता शाई काढायला खाण्याचं तेल वापरायची. पत्रा गरम करायला शेगडी नव्हती, पण ड्रायर चालू केला की त्याचं डोकं छान कोमट होई. पत्र्यावर शाई चोपडायची, जाळीच्या कापडाने ती रेषांत दाबत दाबत वरची पुसायची, मग जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांनी. आतापर्यंत तिला वाटत होतं, असं भागवाभागवीचं काम करूनही आपण काही वाईट नाही.

पहिला छाप गढूळ आला. दुसरा टक्कल पडल्यासारखा. तिसऱ्यात आभाळाला पोचारा मारल्यासारखं दिसत होतं. बुधवारपर्यंत अकरा ताव वाया गेले, आणि टॅम्सिन त्या मासिकातल्या खिडकीचा मनापासून तिरस्कार करायला लागली. आणि स्वतःच्या खिडकीचाही, जिच्यातून शेजाऱ्याचं कोंबड्यांचं खुराडं सोडून काही दिसत नसे. म्हातारा खरं बोलत होता तर. जागाच काम करते. टाक्याशेजारी उभं राहून कुणाला समुद्र सापडलाय?

बुधवारी संध्याकाळी तिने भिंग घेतलं आणि मापाचा छाप इंचाइंचाने पाहिला. आभाळात, अगदी बारीक, शाई ओढल्याच्या खुणा होत्या. तळहाताच्या. कमानीसारख्या वळलेल्या. एवढं दिसलं, आणि त्याचं पुढे काय करायचं ते कळलं नाही.

गुरुवारी दुपारी मर्ल एकटीच आली. डब्यात गरम स्कोन, छोटे गोडसर पाव, होते.

"कुठवर आलंय ते बघून ये म्हणाला," ती म्हणाली. टाक्यावर वाळत टाकलेले अकरा ताव तिने ओळीने पाहिले. "हं."

त्या एका 'हं'मध्ये टॅम्सिनचं सगळं शिक्षण मावलं.

"प्रेस लहान आहे माझी," टॅम्सिन म्हणाली. "आणि उजेडही इथे—"

"प्रेसचा काय संबंध?"

मर्लने डबा उघडायला हात पुढे केला, डावा, आणि कळ येऊन 'आई गं' म्हणत मागे घेतला. मग उजव्याने झाकणाशी झटत बसली, परक्याचा हात वापरावा तशी. टॅम्सिन बघत राहिली. छापात सगळं उलटं उमटतं, उजवीकडचं डावीकडे. त्या कमानी तिने मनातल्या मनात उलटवल्या. कोपर टेकवून तळहात तसा वळायचा असेल तर तो हात डावाच हवा. अ‍ॅलस्टर सही उजव्या हाताने करायचा.

"तुम्ही पुसायचात," ती म्हणाली.

"मग कोण पुसणार? महाराणी?"

"शेडमध्ये?"

"शेडमध्ये थंडीने पत्रा गार पडतो. शाई हलत नाही जागची. मी स्वयंपाकघरात पुसायचे, चुलीच्या कडेवर. पुसून झालं की ट्रेमध्ये घालून नेऊन द्यायचे त्याला. तो चाक फिरवायचा." मर्लने जरा विचार केला. "चाक छान फिरवतो. ते कबूल करायला हवं."

"आणि हे आभाळ?"

"पीठ आहे का घरात?"

पुसणारा हात कोरडा राहावा म्हणून कॉलेजात टॅम्सिन खडूची पूड वापरायला शिकली होती. तिने मुकाट्याने मैद्याची बरणी आणली. मर्लने टॅम्सिनचा डावा हात मनगटाला धरला, त्यावर चिमूटभर मैदा चोळला, जास्तीचा झटकून टाकला.

"कॉलेजवाल्या सगळ्या उजवं-उजवं करून घासता. भांडी आहेत का ती? डावा हात अडाणी असतो, तो जोर लावत नाही. इथे थोडी शाई राहू दे. राहू दे म्हणते ना! आता इथून उचल, एकदाच. परत फिरायचं नाही. केकवरून सुरी उचलतेस तशी."

चार छाप झाले. पाचव्याला चाक फिरवून टॅम्सिनने प्रेसवरचं लोकरी ब्लँकेट उचललं, ताव सोलला, आणि उजेड तिच्या कपडे धुण्याच्या खोलीत उभा होता. खिडकीत कोंबड्या होत्या तशाच होत्या.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला आला संताप.

"चाळीस वर्षं! मर्ल, तो मुलांना खिडकीच्या गोष्टी सांगतो. मासिकात खिडकी छापून येते. आणि तुम्ही ट्रे घेऊन उभ्या! एकदा तरी नाव घालायला सांगायचं होतंत."

हे बोलताना टॅम्सिनच्या मनात मर्लबद्दल कणव नव्हती. राग होता, आणि त्याखाली तुच्छता. अशा बायकांमुळेच आपल्याला एका शिक्क्यासाठी भांडावं लागतं. सोसणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, ट्रेवाल्या.

मर्लने स्कोनला लोणी लावलं, शांतपणे, कडेपर्यंत.

"नाव? माझं? त्या बोटीवर?" तिने पत्र्याकडे हनुवटी केली. "पोरी, ती बोट आहे का आंघोळीचा टब? आणि तो डोंगर. झोपलेल्या म्हशीला लाज वाटेल. मी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, अरे देवा, हा माणूस तर आवडतोय आणि याला चित्र येत नाही. मग झाकलं. जिथे फारच वाईट तिथे शाई ठेवली, जिथे काहीच नाही तिथे उचलली. लोक म्हणाले, काय उजेड आहे. माझं नाव घालून मी चारचौघांत कबूल करू की हे माझं आहे म्हणून?"

टॅम्सिनने पुन्हा त्या बोटीकडे पाहिलं.

"आणि तू तर शिक्का मारायला धडपडतेस," मर्ल म्हणाली, आणि तिच्या नजरेत आता ती तुच्छता होती जी इतका वेळ टॅम्सिनला फक्त स्वतःची वाटत होती. "दीड तास मिळतो तुला दिवसाचा. त्यात त्याचं छापतेस."

फाटकापलीकडे ओर्ला जागी होऊन हाका मारायला लागली. मर्ल उठली आणि एका हाताने फाटक उघडून तिच्याकडे गेली.

*

टॅम्सिनने फोन करून सांगितलं, शिक्का असेल तरच चोवीस छापीन, नाहीतर पत्रा घेऊन जा. उजेड जमला ही बातमी मर्लने पोचवली होतीच. "घाल," अ‍ॅलस्टर म्हणाला. "खाली. लहान."

ती जिंकली होती. पुढचे दहा दिवस, रोज दीड तास, तिने डाव्या हाताने पुसलं. सगळं छान येत होतं आणि तिला चैन नव्हती. म्हातारी उगाच बोलली असेल. चाळीस वर्षांची खार बोलली असेल. एवढ्या नावाजलेल्या माणसाला चित्र येत नाही म्हणजे काय?

चोविसावा झाल्यावर एक ताव उरला. तिने पत्रा पुसला तो लख्ख पुसला. जेवणाची बशी पुसावी तसा. आभाळात शाईचा थेंब ठेवला नाही, पाण्यात ठेवला नाही. त्याने स्वतःच्या हाताने कोरल्या होत्या तेवढ्या रेषा राहिल्या. चाक फिरवलं, ताव सोलला.

बोट म्हणजे टबच होता. डोंगराबद्दलही मर्लने हात राखूनच सांगितलं होतं. कुठल्याच रेषेला आपण कुठे चाललोय हे माहीत नव्हतं. मात्र खालच्या कोपऱ्यात, जिथे मापाच्या छापात गडद सावली होती, तिथे खडकावर एक बाई बसलेली होती. चार-पाच रेषांची. मांडीवर काहीतरी घेऊन वाकलेली. वाईटच काढलेली, पण घाईने नव्हे. मापाच्या छापात ती कुठे दिसत नव्हती.

बाकीच्या छापांबरोबर तिने तो तावही टिपकागदांमध्ये घालून फळीखाली दाबला. सह्यांच्या आधी काढून टाकू म्हणाली. मग विसरली, असं तिने स्वतःला सांगितलं.

सह्या स्वयंपाकघराच्या टेबलावर व्हायच्या होत्या, कारण घरात मोकळं टेबल तेवढंच. अ‍ॅलस्टरने तीन पेन्सिली टोक करून आणल्या होत्या. आल्या आल्या त्याने टेबलाला हात लावून बघितला, चिकट आहे का. होतं. शेजारच्या उंच खुर्चीत ओर्ला आणि तिच्यासमोर भोपळ्याची वाटी घेऊन मर्ल. टॅम्सिनने शिक्क्याचं यंत्र बाहेर काढून ठेवलं होतं. पद्धत अशी की चित्रकाराने आधी सही करायची, मग छापणाऱ्याने शिक्का मारायचा.

तो आधी सगळे ताव बघायला लागला. एकेक उचलून मापाच्या छापाशेजारी धरी, आणि खाली ठेवी.

"हं. हं. बरा आहे. हं. ही खोली बघता, फारच बरा."

"खोलीला सांगते," टॅम्सिन म्हणाली.

"शेडमध्ये वेगळी खोली येते रंगाला. तो प्रकाश असतो ना—"

"घास गिळ आधी," मर्ल ओर्लाला म्हणाली.

पंचविसावा ताव उचलून तो थांबला. आधी त्याने तो दूर धरला, मग जवळ. मग चष्मा काढला.

"हा कुणी छापला?"

"मीच."

"पुसला नाहीस नीट."

"पुसला. अगदी लख्ख पुसला. तुम्ही कोरलंय तेवढंच ठेवलं."

टॅम्सिन त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मनात कुठेतरी तिने आसन मांडलं होतं, तमाशा बघायला बसतात तसं. आता हा भडकेल. आता म्हणेल, पत्रा बिघडवलास. म्हणाला असता तर किती सोपं झालं असतं.

त्याचं बोट बोटीवरून गेलं, डोंगरावरून गेलं, आणि खालच्या कोपऱ्यात त्या बाईवर थांबलं.

"ही होती," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "मला वाटलं, कोरताना राहूनच गेली. प्रत्येक पत्र्यात मला वाटायचं, राहूनच गेली."

मर्लचा चमचा हवेत थांबला. ओर्ला तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिली आणि मग तिने हात आपटला, तेव्हा चमचा पुढे गेला.

"याच्यावर शिक्का?" त्याने विचारलं.

"त्यावर नको," टॅम्सिन म्हणाली. "त्यात माझं काही नाही."

त्याने मान हलवली. पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. मग चोवीस तावांचा गठ्ठा दोन्ही हातांनी फिरवून तिच्यासमोर सरकवला.

"आधी तू."

"आधी सही असते. पद्धत ती आहे."

"पद्धत मला ठाऊक आहे," अ‍ॅलस्टर म्हणाला.

तिने पहिल्या तावाचा कोपरा यंत्राच्या जबड्यात धरला आणि दांडा दाबला. कंगवा उठला, बारीक, दातांसकट. त्याने तो ताव घेतला, आंधळा माणूस चाचपतो तसा त्या खुणेवरून अंगठा फिरवला. टॅम्सिनला वाटलं, आता सही करील. पण त्याने ताव टेबलावरून सावकाश मर्लच्या बाजूला सरकवला, आणि त्यावर, सहीच्या जागेशी, पेन्सिल ठेवली.

मर्लने पेन्सिलीकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या गडद सावलीकडे पाहिलं, जी या पत्र्यावर तिनेच तीन वर्षांपूर्वी चुलीपाशी उभं राहून पहिल्यांदा ठेवली होती.

"माझा हात भरलाय," ती म्हणाली. "दिसत नाही का, पोरीला भरवतेय ते?"

आणि ती भरवत राहिली. चमचा वाटीत जात होता, ओर्लाच्या तोंडाशी येत होता, पुन्हा वाटीत जात होता. वाटी केव्हाच रिकामी झाली होती.